वंशवृक्ष साफ करताना काय पुसू नये

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनीच्या मोठ्या काकांनी अनेक वर्षं घराण्याची माहिती वह्यांमध्ये टिपून ठेवली होती. काका गेल्यानंतर चुलतभावाने ती संगणकावर चढवली आणि पुढे इंटरनेटवर सापडलेल्या इतरांच्या वंशावळी तिला जोडत गेला. आज त्या फाइलमध्ये सहा हजारांच्या आसपास माणसं आहेत. पणजोबा तीन ठिकाणी दिसतात, आजोबांची जन्मसालं तीन आहेत, मोठ्या काकांच्या जन्माच्या वेळी आजी जेमतेम दहा वर्षांच्या ठरतात आणि एक फांदी थेट एका राजघराण्यात जाऊन पोचते. फाइल आता या भगिनींकडे आली आहे. त्या विचारतात, "मला हे सगळं एकदाचं स्वच्छ करायचंय. ज्याला पुरावा नाही ते उडवून टाकू का? की सगळंच पुसून पहिल्यापासून सुरुवात करू? सॉफ्टवेअर म्हणतं, दुबार नोंदी एका क्लिकमध्ये एकत्र करून देतो. ते करू का? चुलतभावाला वाटतं, मी त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवतेय. शिवाय आजोबांची एक पहिली पत्नी होती, असं एका जुन्या कागदावरून दिसतं. आत्या म्हणते, ते झाडात घालू नकोस. खरं काय ते ठरवून मला हे काम संपवायचंय."

आधी एक विनंती. सध्या काहीही उडवू नका आणि काहीही एकत्र करू नका. फाइल जशी हातात आली आहे तशीच तिची एक प्रत काढा, नावात आजची तारीख घाला आणि त्या प्रतीत पुन्हा कधीही बदल करायचा नाही असं ठरवा. तिची आणखी एक प्रत दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या घरी राहू द्या. काकांच्या वह्यांचंही तसंच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरी पानं आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूसकट, क्रमाने फोटो काढा. कोरं पान कशाला, असं वाटेल. पण नंतर कधी प्रश्न पडला की मधलं पान फाटलंय की काकांनीच जागा सोडली होती, तर उत्तर त्या फोटोतच मिळेल. खोडलेली नावं, समासातली प्रश्नचिन्हं, वेगळ्या शाईत नंतर घातलेली ओळ हे सगळं चुलतभावाने फाइलमध्ये उतरवलेलं नसणार, कारण सॉफ्टवेअरमध्ये खोडलेल्या नावासाठी रकाना नसतो.

फाइल बहुधा जेडकॉम स्वरूपात आली असेल. हे स्वरूप अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चने १९८४ साली आणलं आणि आज जवळजवळ प्रत्येक वंशावळ-सॉफ्टवेअर ते वाचतं. ती साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. मात्र १९९९ पासून चालत आलेल्या ५.५.१ या आवृत्तीत फोटो फाइलच्या आत नसतात. ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत एवढा पत्ताच त्यात असतो. चुलतभावाने फक्त जेडकॉम पाठवली असेल तर फोटोंचं फोल्डर वेगळं मागून घ्या. तो जे सॉफ्टवेअर वापरतो त्याची मूळ फाइलही मागा, कारण जेडकॉममध्ये रूपांतर करताना काही टिपणं वाटेत गळतात. (२०२१ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट सगळं एका फाइलमध्ये बांधायची सोय आहे. तुमच्या दोघांच्या सॉफ्टवेअरला ती कळत असेल तर उत्तमच.)

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. ज्याला पुरावा नाही ते उडवायचं, असं तुम्ही म्हणता. यामागे एक गृहीत आहे: जिथे पुरावा लिहिलेला नाही तिथे पुरावा नव्हताच. मला ते पटत नाही. तुमच्या काकांनी त्यांच्या आजीला विचारून एखादं नाव लिहिलं असेल आणि 'आजीने सांगितलं' हे लिहायचं राहून गेलं असेल, तर ती माहिती आज जगात दुसरीकडे कुठेही नसेल. ती उडवली की कायमची गेली. उलट इंटरनेटवरून आलेल्या एखाद्या नोंदीला दहा-दहा संदर्भ चिकटलेले असतात आणि ते दहाही एकाच चुकीच्या वंशावळीच्या नकला असतात. तेव्हा पुरावा आहे की नाही हे विचारण्याआधी, ही माहिती या फाइलमध्ये कुठून शिरली हे विचारा.

म्हणून पहिलं काम खुणा करण्याचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये माणसाला खूण किंवा रंग देता येतो. मोफत मिळणाऱ्या ग्रॅम्प्समध्येही ही सोय आहे. काकांच्या वहीतून आलेली माणसं एका रंगाची, घरातल्या किंवा सरकारी कागदावरून आलेली दुसऱ्या, इंटरनेटवरून आलेली तिसऱ्या. कुठून आली हे कोणालाच आठवत नाही ती चौथ्या. हे सांगू शकणारा माणूस एकच आहे, तुमचा चुलतभाऊ. तो रागावलेला असताना हे काम होणार नाही. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

काकांच्या वह्या हाही पुरावाच आहे. कोणत्या वहीत, कितव्या पानावर, हे प्रत्येक नोंदीसमोर लिहिलं की 'पुरावा नाही' म्हणून उडवायला निघालेली शेकडो माणसं सुरक्षित होतील. पुढे कोणाला एखादी नोंद तपासावीशी वाटली तर कुठे पाहायचं हेही कळेल.

आजोबांच्या तीन जन्मसालांकडे मला जरा थांबून पाहायचं आहे, कारण 'खरं काय ते ठरवू' या इच्छेची सगळ्यात मोठी अडचण इथेच होते. तीनपैकी एक निवडायचं आणि दोन पुसायची, असा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक साल कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं आणि सांगणाऱ्याला ते कसं माहीत असणार, हे विचारा. समजा, एक साल मृत्यूच्या दाखल्यावरून आलंय. दाखला सरकारी आहे, शिक्क्याचा आहे, म्हणून त्यातलं सगळंच सारख्या वजनाचं नसतं. मृत्यूची तारीख त्या वेळी हजर असलेल्या माणसाने लगेच सांगितलेली असते, तिच्यावर बराच विश्वास ठेवता येतो. पण त्याच दाखल्यावरचं वय किंवा वडिलांचं नाव एखाद्या जावयाने किंवा शेजाऱ्याने ऐकीव माहितीवरून सांगितलेलं असू शकतं. कागद एकच, पण त्यातल्या एका ओळीला साक्षीदार आहे आणि दुसरीला नाही. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख प्रवेशाच्या नियमात बसावी म्हणून मागेपुढे केलेली असू शकते. जनगणनेसारख्या नोंदींत लोक वय शून्यावर किंवा पाचावर आणून सांगतात, आणि लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना ही सवय इतकी परिचित आहे की ती मोजायलाही त्यांच्याकडे पद्धती आहेत. तेव्हा एखाद्या कागदावर 'वय ४०' दिसलं तर ते अडतीस ते बेचाळीस असं मनात धरा.

म्हणून तिन्ही सालं ठेवा. प्रत्येकासमोर त्याचा उगम लिहा. त्यातलं तुम्हाला अधिक विश्वासार्ह वाटतं ते मुख्य म्हणून निवडा आणि का निवडलं ते टिपणात दोन-तीन वाक्यांत लिहा. ही दोन-तीन वाक्यं या कामाचा गाभा आहेत. व्यावसायिक वंशावळ-संशोधकही निष्कर्षाला हेच निकष लावतात: शोध पुरेसा व्हावा, उगम पूर्ण लिहावेत, पुरावे एकमेकांशी ताडून पाहावेत, विसंगती का आहे ते सोडवावं आणि निष्कर्ष कारणांसह लिहून ठेवावा. तो निष्कर्ष नवा कागद सापडला की बदलतो. तुम्हाला काम संपवायचंय हे मला समजतं, पण संपणार आहे ते नीट लावण्याचं काम. आजोबांचं जन्मसाल कदाचित कधीच पक्कं ठरणार नाही. 'सुमारे', 'च्या आधी', 'च्या नंतर', 'या दोन सालांच्या मध्ये' असं लिहिण्याची सोय जेडकॉममध्ये याचसाठी ठेवलेली आहे. ती मोकळेपणाने वापरा. नक्की माहीत नसताना १ जानेवारी अशी तारीख टाकणं हा फार वाईट प्रकार आहे. पुढच्या माणसाला ती खरी वाटते.

कधी कधी दोन्ही तारखा बरोबर असतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्या वेळच्या दिनदर्शिकेप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१ चा, आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ चा. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली तेव्हा अकरा दिवस गाळले गेले, आणि त्याआधी इंग्लंड आणि वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून साल पण बदलतं. काही देशांनी ही दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली होती, रशियाने १९१८ मध्ये. शके आणि हिजरी सालांचंही तसंच आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण १ जानेवारीपासून शक संपेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असल्यामुळे ३३ हिजरी वर्षांत सौर वर्षं ३२ च होतात. या सगळ्यावर नियम एकच: कागदावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं आधी उतरवा आणि रूपांतर शेजारी वेगळं लिहा. रूपांतरात गफलत झाली तर मूळ हाताशी राहतं. तीनपैकी दोन सालांत एकाचाच फरक असेल, तर आधी हेच तपासा.

आता दुबार नोंदी. एका क्लिकमध्ये एकत्र करून देणाऱ्या सोयीपासून सध्या लांबच राहा. सॉफ्टवेअर नाव आणि तारखा यांचं साम्य पाहतं. घराण्यांत नावं पुन्हा पुन्हा येतात, ही त्याची अडचण. आजोबांचं नाव नातवाला, आणि दोन भावांच्या दोन नातवांना एकच नाव. जगाच्या अनेक भागांत असंही होत आलं आहे की एखादं मूल लहानपणी गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव दिलं जाई. आईवडील तेच, नाव तेच, जन्म दोन-तीन वर्षांच्या अंतराने. सॉफ्टवेअरला ही हमखास दुबार नोंद वाटणार. तिथे हो म्हटलंत की दोन वर्षं जगलेलं एक मूल तुमच्या घराण्यातून कायमचं नाहीसं होईल. दोन भांड्यांतलं पाणी एकत्र ओतलं की कुठलं कुठलं ते नंतर सांगता येत नाही, तसंच या विलीनीकरणाचं होतं. चाळीस बदल पुढे गेल्यावर 'मागे घ्या' हे बटण काही कामाचं राहत नाही.

दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे नावावरून ठरवू नका, भोवतालच्या माणसांवरून ठरवा. पत्नी कोण, भावंडं कोण, मुलं कोण, राहणं कुठे, धंदा काय, कोणत्या कागदावर साक्षीदार कोण. तीन पणजोबांना एका कागदावर शेजारी-शेजारी मांडा आणि ही माहिती खाली खाली लिहीत जा. दोघांची पत्नी आणि मुलं जुळली, तिसऱ्याची पत्नी वेगळी निघाली, तर तो तिसरा कदाचित एखादा चुलत पणजोबा असेल. खात्री होईना, तर तिन्ही राहू देत. टिपणात 'हा आणि तो एकच असावेत, अजून पक्कं नाही' असं लिहा. दोन वेगळ्या माणसांना एक करण्यापेक्षा एका माणसाच्या दोन नोंदी राहिलेल्या परवडतात.

आणखी एक गोष्ट. एकच माणूस झाडात दोन ठिकाणी दिसला म्हणजे चूकच झाली असं नाही. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा. असं दुप्पट करत गेलं तर दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज होतात, विसाव्या पिढीत १०,४८,५७६ आणि तिसाव्यात १०७ कोटींच्या वर. तितकी माणसं त्या काळी साऱ्या जगात नव्हती. म्हणजे मागे कुठेतरी नात्यातल्या माणसांची लग्नं झालेली असणारच, आणि तोच पूर्वज आईकडूनही येतो नि वडिलांकडूनही. अशा माणसाची नोंद एकच हवी आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. तुमच्या तीन पणजोबांत अशी जोडी आहे का, ते पाहा.

या दुपटीच्या हिशेबातच एक उपयोगी क्रमांकपद्धती दडलेली आहे. तुम्ही १, वडील २, आई ३, वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५. कोणत्याही माणसाच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. युरोपात १५९० साली मिखाएल आइट्झिंगर यांनी ही पद्धत छापील ग्रंथात वापरली आणि आजही ती चालते. फोल्डरना आणि स्कॅन केलेल्या कागदांना हे क्रमांक दिले की आजोबांचे सगळे कागद ४ मध्ये सापडतात आणि त्यांच्या वडिलांचे ८ मध्ये. शिवाय कुठला क्रमांक रिकामा आहे, हे एका नजरेत कळतं.

कामाचा क्रमही इथूनच येतो. सहा हजार माणसं एकदम तपासायला घेऊ नका. त्यातल्या बहुतेकांशी तुमचं नातं काय, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि ती तुमची जबाबदारीही नाही. १ पासून सुरुवात करा. तुमचा जन्मदाखला, मग आईवडिलांचे कागद, मग चार आजी-आजोबा. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न: हा त्यांचा मुलगा किंवा मुलगी आहे, हे मला कशावरून माहीत आहे? जन्मतारखा पक्क्या नसल्या तरी चालतं, पण पालक आणि मूल यांच्यातला दुवा कच्चा असेल तर त्याच्या मागचं सगळं अधांतरी राहतं. दुवा पक्का झाला की मागे जा, नाही झाला तर तिथे खूण करा. इंटरनेटवरून आलेल्या दूरच्या फांद्या हव्या तर वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. उडवल्यासारखंही होणार नाही आणि तुमची वाटही मोकळी होईल.

अशक्य गोष्टींची यादी सॉफ्टवेअरकडूनच काढून घ्या, हे काम ते चोख करतं. मृत्यूनंतर जन्म, वडिलांच्या मृत्यूनंतर वर्षाने झालेलं मूल, जुळी नसताना सहा महिन्यांच्या अंतराने दोन भावंडं, दीडशे वर्षं जगलेले पूर्वज. (ज्यांच्या वयाचे कागद नीट तपासले गेले आहेत त्यांत सर्वाधिक जगलेल्या फ्रान्सच्या झान काल्माँ १९९७ मध्ये वारल्या तेव्हा १२२ वर्षांच्या होत्या.) यातल्या बऱ्याच चुका आकडे उलटसुलट टाइप झाल्याच्या असतात आणि मूळ कागद पाहिला की लगेच दुरुस्त होतात. पण मूळ न पाहता आकडा 'शक्य' करून टाकू नका. असं का म्हणते, ते आजींच्या नोंदीवरून सांगते.

फाइलप्रमाणे मोठे काका जन्मले तेव्हा आजी दहा वर्षांच्या होत्या. सफाईच्या भरात कोणीही आजींचं जन्मसाल आठ-दहा वर्षं मागे सरकवेल आणि पुढे जाईल. पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही लिहिता की आजोबांची एक पहिली पत्नी होती, असं एका कागदावरून दिसतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. आजींचं साल चुकलेलं असू शकतं, काकांचं चुकलेलं असू शकतं, आणि मोठे काका त्या पहिल्या पत्नीचे असू शकतात. यातलं काय खरं, हे मला इथून सांगता येणार नाही आणि तुम्हीही घाईने ठरवू नका. मात्र तो चुकीचा दिसणारा आकडा पुसला असता, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. वरवर चूक दिसणारी जागा पुष्कळदा वगळलेल्या माणसाची जागा असते. काकांच्या वह्यांत स्वतःच्या जन्माबद्दल, आईबद्दल त्यांनी काय लिहिलंय, काय खोडलंय, ते आता पुन्हा एकदा शांतपणे वाचा.

आणि म्हणूनच आत्यांच्या 'घालू नकोस'ला केवळ हट्ट समजू नका. त्यांना काही माहीत असेल. ज्या आईने वाढवलं तिचा मान कमी होईल, अशी भीती असेल. कदाचित लहानपणी कोणाला तरी दिलेला शब्द असेल. त्यांच्याकडे झाडाचा तक्ता घेऊन जाऊ नका, नुसतं ऐकायला जा. मला विचाराल तर त्या पहिल्या पत्नीची नोंद तुमच्या फाइलमध्ये असायलाच हवी. ती बाई होती, तिचं लग्न झालं होतं, आणि ती गेली म्हणून तिला वगळणं मला योग्य वाटत नाही. पण नोंद करणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एखादी नोंद खासगी ठेवता येते. तिची नोंद कागदाच्या फोटोसकट तुमच्या फाइलमध्ये राहील, आणि नातेवाइकांना पाठवायच्या किंवा इंटरनेटवर ठेवायच्या प्रतीत, आत्या आहेत तोवर, ती दिसणार नाही. हे आत्यांना स्पष्ट सांगा. लपूनछपून करू नका. आणि काकांच्या आईचं काय ते निश्चित होईपर्यंत काकांच्या मुलाबाळांना केवळ अंदाज सांगू नका. ते ऐकणं त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट असेल. तुमचा चुलतभाऊ काकांचाच मुलगा असेल तर हे त्यालाही लागू आहे. वह्या त्यांच्या घरच्या असतील तर त्या वाचण्याचा पहिला हक्कही त्याचा आहे, हे लक्षात असू द्या.

हयात माणसांच्या बाबतीत एकूणच कडक राहा. जन्मतारखा, पत्ते, घटस्फोट, दत्तक घेतल्याच्या नोंदी यांपैकी काहीही त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. जनगणनेत माणसांची नावं असलेले तक्ते अमेरिका ७२ वर्षं बंद ठेवते, इंग्लंड १०० वर्षं. मृत्यूची नोंद नसलेला आणि शंभर वर्षांच्या आतला प्रत्येक माणूस हयात धरावा, हा हिशेब घरगुती फाइललाही बरा पडतो. चुलतभावाने फाइल कुठे इंटरनेटवर चढवलेली असेल, तर तिथे हयात माणसं झाकलेली आहेत ना, हे या आठवड्यातच पाहून घ्या. बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू नये.

नावं आणि ठिकाणं यांबद्दल थोडक्यात. बाईचं माहेरचं नाव हेच मुख्य नाव ठेवा, सासरचं दुसरं नाव म्हणून जोडा. नाहीतर दोन पिढ्यांत सगळ्या स्त्रिया नवऱ्याच्या आडनावात विरघळतात आणि त्यांच्या माहेरची वाट बंद होते. कागदावर नाव जसं लिहिलंय तसं तिथे उतरवा. गोविंद, गोविंदराव, गोविंदा ही तिन्ही रूपं राहू द्या आणि ओळखीसाठी एक ठरवा. 'रावसाहेब', 'कै.' अशा गोष्टी नावाच्या रकान्यात नकोत, शोधताना अडचण होते. गावाचं नाव त्या वेळी जे होतं ते लिहा, आजचं टिपणात. सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेट्रोग्राड झालं, १९२४ मध्ये लेनिनग्राड, १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. १९३० सालच्या जन्मापुढे 'सेंट पीटर्सबर्ग' लिहिलं तर शोधणारा चुकीच्या नावाने दप्तर धुंडाळत बसेल.

राहिली राजघराण्यात जाणारी फांदी, आणि तुमचा चुलतभाऊ. हे दोन्ही एकत्र घेते, कारण त्याचा अभिमान बहुधा तिथेच आहे. असं नातं असूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. वरचा दुपटीचा हिशेब पाहिलात तर मागे कुठेतरी कोणीतरी मोठा माणूस निघणं अगदी शक्य आहे. पण शक्य असणं वेगळं आणि प्रत्येक दुवा दाखवता येणं वेगळं. अमेरिकेत गुस्ताव्ह आंजू (१८६३ ते १९४२) नावाचा माणूस श्रीमंत कुटुंबांना पैसे घेऊन थोर पूर्वज जोडून देत असे. त्याने खऱ्या कागदांत बनावट कागद मिसळले, आणि त्याच्या वंशावळी आजही नकलांच्या नकला होऊन फिरतात. नक्कल करणारे सगळे प्रामाणिक असतात. तुमचा चुलतभाऊही प्रामाणिकच आहे.

म्हणून त्याला 'हे खोटं आहे' असं म्हणू नका. 'हा दुवा तुला कुठे सापडला' असं विचारा, आणि ते दोघांनी मिळून उघडून पाहा. फांदी राहू दे, फक्त जिथे कागद संपतात तिथे खूण करा आणि पुढचं सगळं 'इतरांच्या वंशावळीवरून, तपासलेलं नाही' या रंगात ठेवा. त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवू नये असं तुम्हालाही वाटतं, हे पत्रातून दिसतं. ते त्याला कळावं यासाठी एक सुचवते. प्रत्येक बदलाची रोजनिशी ठेवा: तारीख, कोणी, काय बदललं, का. दोघांनाही दिसेल अशी. आणि कामाची फाइल एकच असू द्या. दोघांनी दोन प्रतींत वेगवेगळे बदल केले तर सहा महिन्यांनी आजच्यासारखाच गुंता पुन्हा तयार होईल. त्याला अशक्य गोष्टींची यादी आणि रंगांच्या खुणा द्या, त्याचा संगणकावर हात बसलेला आहे. वह्यांची पानं आणि नोंदी तुम्ही जुळवा.

हे सगळं महिनोन् महिने चालेल, आणि चालू दे. पण आत्यांकडे मात्र लवकर जा, सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधी. त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि सुरुवातीलाच तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं बोलून घ्या. सालं विचारू नका, ती कोणालाच आठवत नाहीत. 'धाकट्या काकांचं लग्न झालं तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात का', 'आजोबा गेले तेव्हा घरात कोण कोण होतं' असं विचारा. जुने फोटो सोबत न्या आणि त्यातली माणसं डावीकडून उजवीकडे ओळखून घ्या. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहा. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. आत्या जे सांगतील ते फाइलमधल्या नोंदीशी जुळलं नाही तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नका. घरी येऊन ते चौथं साल म्हणून, आत्यांच्या नावासह, बाकीच्या तिघांखाली लिहा.